शुगर निघाली, गोळी सुरू झाली. मग पंधरा दिवसांत पट्टी कोनाड्यात का जाते?

सध्या गावोगाव तपासणी जोरात आहे. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाची बीपी-शुगर पाहायची, असा सरकारी कार्यक्रमच आहे. आशाताई घरी येऊन अर्ज भरतात. उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याच्या पाटीवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ लिहिलंय तिथं, बोटाला सुई टोचतात आणि मशीनवर आकडा येतो. कुणाचा २८०, कुणाचा ३२०. मग रक्ताची पुढची तपासणी, मग गोळ्यांचा कागद. इथवर यंत्रणा बऱ्यापैकी चालते. गडबड आहे ती याच्या पुढं.

गोळी सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत त्या माणसाला काय होतंय, हे विचारायला सहसा कुणी येत नाही. पोट बिघडतं, तोंडाची चव जाते, कामावर हातपाय गळतात. माणूस दोन दिवस सोसतो. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याला विचारतो. शेजारी म्हणतो, ‘मला बी असंच झालतं, मी दिली सोडून.’ झालं! पट्टी कोनाड्यात जाते. कागदावर मात्र त्याचा उपचार सुरूच असतो.

आकडे बघा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर उभे आहेत, असं त्यात निघालं. हा शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचा आजार, असं अजून बरेच जण समजतात. पण त्याच अभ्यासात ग्रामीण भागातल्या शंभर प्रौढांपैकी जवळपास नऊ जणांना तो आढळला. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारनं उद्दिष्ट जाहीर केलं की २०२५ पर्यंत बीपी आणि शुगरचे साडेसात कोटी रुग्ण उपचाराखाली आणायचे. उद्दिष्ट चांगलं आहे. पण मोजणी होते ती किती सापडले, किती जणांना गोळ्या दिल्या, याची. गोळी सोसते का, याचा रकाना आम्हाला कुठं दिसला नाही.

आपल्या बीड जिल्ह्यात तर हा प्रश्न जास्तच टोचतो. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, त्या मार्च-एप्रिललाच परततात. सरकारी दवाखान्यातून साधारण महिन्याच्या गोळ्या मिळतात. शुगर सप्टेंबरमध्ये निघाली, ऑक्टोबरमध्ये माणूस फडात. गोळीचा त्रास सुरू होतो तो तिथं, अनोळखी गावात, जिथं ना आपली आशाताई ना ओळखीचा डॉक्टर. शिवाय कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, वर मुकादमाची उचल घेतलेली. एकाचा खाडा झाला की हिशेबातून पैसे कापले जातात. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय राज्यभर गाजला, समिती नेमली गेली. त्या प्रकरणानं एक गोष्ट उघडी पाडली. आपल्याकडं औषधपाण्याचे निर्णय आजारापेक्षा खाड्याच्या भीतीनं जास्त होतात. ढाळ लागले आणि फडातून चार वेळा उठून जावं लागलं, तर माणूस काय सोडेल, काम की गोळी? उत्तर सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून आधी गोळ्यांचंच बोलू.

पोट बिघडवणारी गोळी

नव्यानं शुगर निघालेल्या बहुतेकांना पहिली गोळी मिळते ती मेटफॉर्मिन. जुनं औषध आहे, जगभर चालतं, स्वस्त आहे. हिचा मुख्य त्रास पोटाचा. मळमळ, गॅस, पातळ शौच, भूक मंदावणं, तोंडात धातूसारखी चव. शंभरातल्या साधारण वीस-पंचवीस जणांना यातलं काही ना काही होतं. बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत आपोआप कमी होतं. अजिबात सोसत नाही असे शंभरात पाचेक जण निघतात, आणि त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत.

ही एवढी माहिती गोळी देतानाच कानावर पडली तर निम्मं काम होतं. ‘पंधरा दिवस पोट कुरकुरेल, मग बसेल,’ हे आधी ऐकलेला माणूस घाबरत नाही. न ऐकलेल्याला वाटतं, गोळी ‘गरम पडली’.

त्रास कमी करायचे उपायही साधे आहेत. उपाशीपोटी घेऊ नका. दोन घास खाल्ल्यावर, जेवणाच्या मधोमध किंवा जेवण झाल्या झाल्या घ्या. डोस हळूहळू वाढवायचा असतो. पहिल्या आठवड्यात रात्रीच्या जेवणासोबत ५०० ची एकच, ती सोसली की दुसरी, असं डॉक्टर करू शकतात. पहिल्याच दिवशी १००० ची दोन वेळा लिहून दिली असेल आणि पोट उठलं असेल, तर परत जाऊन ‘कमीपासून सुरू करता येईल का?’ असं विचारायला लाजू नका. तरीही जमत नसेल तर सावकाश विरघळणारी गोळी येते. तिच्या पट्टीवर एसआर, ईआर किंवा एक्सआर अशी अक्षरं असतात. ती पोटाला बरीच सौम्य. ती मात्र चावायची नाही, कुटायची नाही, अख्खी गिळायची. आणखी एक गंमत सांगून ठेवतो. त्यातल्या काही गोळ्यांचं रिकामं टरफल शौचात दिसतं. ‘गोळी विरघळतच नाही’ म्हणून ती सोडू नका. औषध आत शोषलेलं असतं, बाहेर पडतो तो नुसता सांगाडा.

चक्कर, थरथर आणि उपाशी पोट

मेटफॉर्मिननं पोट बिघडतं, पण एकट्या मेटफॉर्मिननं शुगर धोक्याइतकी खाली जाणं विरळा. ते काम दुसरी गोळी करते. शुगर जास्त असली की मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड देतात, कधी दोन्ही एकाच गोळीत. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवा नाहीतर उपाशी राहा. पोटात अन्न नसेल तर शुगर ७० च्या खाली घसरते. दरदरून घाम, हाताची थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढं अंधारी, एकदम भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ, ही तिची लक्षणं.

आता ही गोळी आणि आपलं रोजचं जगणं यांची गाठ कशी पडते, बघा. कागदावर लिहिलेलं असतं, ‘सकाळी नाश्त्याआधी एक’. शहरातला माणूस सकाळी आठला गोळी घेतो, सव्वाआठला पोहे खातो. ऊसतोडीचा माणूस पहाटे चारला उठतो, गोळी घेतो आणि फडात जातो. न्याहारी सुटते दहाला. मधले सहा तास कोयता आणि मोळ्या. शुगर खाली जाणार नाही तर काय होईल? चहूबाजूंनी ऊस, आणि त्यात माणूस साखर कमी होऊन बसकण मारतो. यात गोळीची चूक नाही आणि माणसाचीही नाही. ‘सकाळी’ या एका शब्दाचा दोघांचा अर्थ वेगळा आहे, एवढंच. म्हणून डॉक्टरांना घड्याळ सांगा. ‘मी पहाटे चारला कामावर जातो, पहिली भाकरी दहाला खातो, मग गोळी कधी घेऊ?’ बहुतेक वेळा उत्तर येईल की पहिल्या पोटभर खाण्याबरोबर. आणि जेवण चुकलं तर ही गोळी घ्यायची की नाही, हेही त्यांच्याकडून लिहूनच घ्या.

हेच उपवासाचं. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, रमजानचे रोजे. उपवास करावा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय. पण नेहमीची गोळी आणि रिकामं पोट ही जोडी घातक आहे. आठवडाभर आधी डॉक्टरांना सांगितलं तर वेळ किंवा डोस बदलून मिळतो. दारूचंही तसंच. उपाशीपोटी दारू आणि वर ग्लिमेपिराइड, म्हणजे शुगर रात्रीत पार तळाला जाऊ शकते. आणि वाईट असं, की शुगर घसरलेला माणूस झिंगल्यासारखाच दिसतो. लोक म्हणतात, ‘पिऊन पडलाय, झोपू द्या.’ त्या झोपेतून तो उठेलच असं नाही.

उपाय खिशात मावतो. तीन चमचे साखरेची पुडी. लक्षणं दिसली की ती तोंडात टाका किंवा पाण्यात ढवळून प्या. ऊस चघळण्यात वेळ जातो, साखर लवकर लागू पडते. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. सावरल्यावर भाकरी खा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइडचा असर बराच वेळ राहतो, त्यामुळं एकदा सावरलेला माणूस दोन-तीन तासांनी परत घसरू शकतो. वय झालेलं असेल किंवा किडनी कमजोर असेल तर जास्तच. त्या दिवशी त्याला एकटं सोडू नका, दवाखान्यात दाखवा.

इथं एक फरक मात्र ओळखा. महिनोन्‌महिने ३५० शुगर घेऊन फिरलेल्या माणसाची शुगर गोळीनं १५० वर आली, तरी सुरुवातीला त्याला गळाल्यासारखं, डोकं हलकं झाल्यासारखं वाटतं. शरीराला वरच्या आकड्याची सवय झालेली असते. हा धोका नव्हे. पण नुसत्या वाटण्यावरून दोन्हींतला फरक कळत नाही. उपकेंद्रात जाऊन बोट टोचून घेतलं तरच कळतो. मशीन जवळ नसेल तर आधी साखर खा, हिशेब नंतर.

डोळ्यांचंही असंच होतं. शुगर उतरायला लागली की काही आठवडे धूसर दिसू शकतं, कारण डोळ्यातल्या भिंगातलं पाणी कमीजास्त होतं. लोक म्हणतात, ‘गोळीनं डोळं गेलं.’ काही जण घाईनं नवा चष्मा करतात आणि महिन्याभरात तो निरुपयोगी होतो. शुगर स्थिर होईपर्यंत चष्म्याची घाई नको. एकदम अंधारी आली, काळे ठिपके तरंगू लागले, तर मात्र लगेच डोळ्यांचा डॉक्टर.

दोन दवाखाने, एकच औषध

एक चूक तालुक्याच्या कोणत्याही मेडिकलवाल्याला विचारा, तो सांगेल. माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रातून मेटफॉर्मिन आणतो. बरं वाटेना म्हणून तालुक्याला खाजगी डॉक्टरकडं जातो, आधीच्या गोळीचं सांगत नाही. तिथं वेगळ्या नावाची गोळी मिळते. घरी दोन्ही चालू. पट्टीवरची मोठी अक्षरं कंपनीच्या नावाची असतात, खालच्या बारीक अक्षरांत दोन्हीकडं मेटफॉर्मिनच असतं, आणि एकात ग्लिमेपिराइडही. मग ढाळ दुप्पट, चक्कर दुप्पट. दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, अगदी रिकाम्यासुद्धा. काढा, चूर्ण घेत असाल तर तेही सांगा. डॉक्टर रागावतील या भीतीनं लपवलेली पुडी जास्त महागात पडते.

आता तिसऱ्या प्रकारच्या गोळ्यांकडं येऊ, कारण त्या गावापर्यंत पोचायला लागल्यात. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. कंपन्यांची रांग लागली आणि किमती धाडकन खाली आल्या. हृदयासाठी आणि किडनीसाठी चांगली औषधं आहेत, यात वाद नाही. पण ती साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. म्हणजे लघवी वाढते, अंगातलं पाणी कमी होतं, आणि लघवीच्या जागी बुरशीची खाज सुटू शकते, बायकांना जास्त.

एसीत बसणाऱ्याला हे जमून जातं. भर उन्हात बारा तास राबणाऱ्या आणि कोपीत राहणाऱ्या बाईचं काय? तिथं प्यायचं पाणी लांबून आणावं लागतं, आंघोळीला आडोसा नसतो. लघवीला जावं लागू नये म्हणून कित्येक जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. अशा बाईला ही गोळी देण्याआधी डॉक्टरांनी तिच्या कामाचं विचारलंच पाहिजे. आणि बायांनो, खाज किंवा अंगावरून पांढरं जाण्यासाठी कुठल्याही दवाखान्यात गेलात, तर शुगर आहे आणि अमुक गोळी चालू आहे, हे पहिल्यांदा सांगा. बुरशीचा त्रास साध्या मलमानं, गोळीनं बरा होतो. ते न सांगता भलत्याच मोठ्या उपचाराच्या वाटेला लागायचं कारण नाही. या गोळ्यांवर असताना उलट्या, पोटात दुखणं आणि जोरजोरात श्वास, असं एकत्र दिसलं तर मशीनवरचा आकडा फार मोठा नसला तरी मोठा दवाखाना गाठा.

उलट्या-जुलाब, जोराचा ताप, ऊन लागणं अशा दिवसांत मेटफॉर्मिन आणि ही लघवीवाली गोळी तात्पुरती थांबवावी लागू शकते. फोनवर का होईना, त्याच दिवशी विचारा. इन्सुलिन असेल तर ते मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

किडनीची अफवा कुठून आली

‘शुगरच्या गोळ्यांनी किडनी जाते.’ ही अफवा पारावर, लग्नात, व्हॉट्सॲपवर सगळीकडं फिरते. तिचा उगम समजून घेण्यासारखा आहे. किडनी खराब होते ती वर्षानुवर्षं वाढलेल्या शुगरनं आणि बीपीनं. किडनीची क्षमता एका मर्यादेखाली गेली की डॉक्टर मेटफॉर्मिन कमी करतात. ती आणखी घसरून ३० च्या खाली आली तर बंदच करतात, कारण मग औषध शरीराबाहेर नीट पडत नाही. गावानं काय पाहिलं? अमक्याची किडनी गेली आणि डॉक्टरनं गोळी बंद केली. म्हणजे गोळीनंच गेली! कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली. याच अफवेपायी गोळी सोडलेला माणूस पुढं डायलिसिसच्या खाटेवर पोचला, तर दोष पुन्हा त्या सोडलेल्या गोळीलाच मिळतो. वर्षातून एकदा क्रिएटिनिन तपासून घेणं हा यावरचा खरा उपाय.

मेटफॉर्मिनचा एक दूरचा परिणाम मात्र खरा आहे, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. वर्षानुवर्षं घेतली की अंगातलं बी-१२ कमी होऊ शकतं. ब्रिटनच्या औषध नियामकानं २०२२ मध्ये याबद्दल डॉक्टरांना खास सूचना काढली होती. बी-१२ मिळतं ते मांस, अंडी, दूध यातून. आपल्याकडं माळकरी घरं भरपूर, त्यात दूध डेअरीला घालून स्वतः काळा चहा पिणारीही भरपूर. तळपायाला मुंग्या, जळजळ सुरू झाली की ‘शुगरमुळं नसा गेल्या’ असं म्हणून सोडून देतात. कधी ते खरं असतं, कधी कमतरता बी-१२ ची असते आणि साध्या औषधानं भरून निघते. तीन-चार वर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर ही तपासणी मागून घ्या.

गोळीच्या त्रासाला कंटाळलेला माणूस कुणाच्या हाती लागतो, हेही बोललं पाहिजे. ‘तीन महिन्यांत शुगर मुळापासून, गोळ्या बंद’ अशा जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी बाजार भरलेला आहे. मेथ्या, कारलं, जांभळाच्या बिया खायला आमची ना नाही. पण त्या गोळीच्या जागी नव्हेत.

औषधाचा वेगळा किंवा गंभीर त्रास झाला तर त्याची नोंद रुग्णाला स्वतःलाही करता येते. त्यासाठी केंद्राचा मोफत फोन आहे, १८००-१८०-३०२४. आरोग्याच्या सल्ल्यासाठी राज्याचा १०४ आहे.

राहिला प्रश्न टोळ्यांचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. म्हणजे कारखान्याच्या गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही तुमचा हक्क आहे. औषधाच्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, दुसऱ्या एखाद्या फोनवरही पाठवून ठेवा. कर्नाटकात जाणाऱ्यांना मात्र हा नियम लागू नाही, त्यांना हंगामाचा साठा इथूनच मिळायला हवा.

ऊसतोड महिलांची निघण्याआधी आरोग्य तपासणी करायची, असं ठरलेलं आहे. ती पुरुषांचीही व्हावी. नव्यानं गोळी सुरू झालेल्यांना निघण्याआधी निदान तीन आठवडे मिळावेत, म्हणजे पोटाचा त्रास इथंच निवेल आणि डोस इथंच बसेल. दहाव्या दिवशी समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं किंवा आशाताईनं एक फोन करावा. ‘गोळी घेताय का?’ एवढंच विचारलं तर सगळे ‘हो’ म्हणतात, म्हणून ‘गोळी सोसतेय का, किती उरल्या?’ असं विचारावं. याला नवा निधी लागत नाही. पण आशाताईंवर आधीच कामांचा ढीग आहे, तेव्हा या फोनचा मोबदला आणि नोंदवहीतला रकाना वरूनच यावा लागेल. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना हा ठराव पाठवता येईल. टोळ्या त्यानंतरच हलायला लागतात.